कोऱ्या दाराची साक्ष

मी एक जुना फ्रिज आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रुसलेला आहे. तुम्ही म्हणाल, फ्रिजला कसला आलाय रुसवा? थंड राहणे हेच त्याचे काम. खरे आहे. आतून मी आयुष्यभर थंडच राहिलो. पण माझ्या दाराच्या बाहेरच्या बाजूला जे घडले, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे पत्रा कापून वाकवला गेला, त्याला पांढरा रंग दिला गेला, आणि दोन पत्र्यांच्या मध्ये फेस ओतला गेला. तो फुगून आत घट्ट बसला. मग दाराला रबराची पट्टी लागली. शेवटी एका कामगाराने माझे दार कितीतरी वेळा उघडून मिटले आणि शेजारच्याला म्हटले, "हा काटक आहे." ही माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. ती मी अजून विसरलेलो नाही.

सुरुवातीची सहा वर्षे मी एका औषधाच्या दुकानात होतो. माझ्या पोटात इंजेक्शने आणि डोळ्यांत घालायचे थेंब असत. दुकानदार दिवसातून दोनदा माझा ताप बघायचा आणि आकडा लिहून ठेवायचा. माझा आकडा कधी चुकला नाही. मग त्याने काचेच्या दाराचा मोठा फ्रिज आणला आणि मला विकायला काढले. तेव्हा मला वाईट वाटले, पण तो व्यवहार होता. त्यात फसवणूक नव्हती. फसवणूक पुढे आहे.

मला ज्यांनी घेतले ती नवी नवरा-बायको होती. दोघे तिसऱ्या मजल्यावर राहत होते. नवऱ्याने आणि खालच्या मजल्यावरच्या एका माणसाने मला जिन्यावरून वर नेले. बायको पुढे उलटी चालत हुकूम सोडत होती, "डावीकडे, अजून थोडं डावीकडे, बस, आता सरळ घ्या." ती शहरात बस चालवायची, त्यामुळे तिला वाटे जगातली प्रत्येक वस्तू मागे बघून वळवता येते. तो धुलाईच्या कारखान्यात कपड्यांना इस्त्री करायचा. तिच्याच बसमध्ये तो रोज शेवटच्या थांब्यापर्यंत झोपून जायचा आणि तिला त्याला उठवावे लागायचे. त्या उठवण्यातून पुढचे सगळे जुळले. तो तिला ड्रायव्हरीणबाई म्हणायचा आणि ती त्याला इस्त्रीवाले. मीही त्यांना याच नावांनी ओळखतो.

आता त्यांची अडचण नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. ड्रायव्हरीणबाई इथलीच. इस्त्रीवाला परदेशातून कामाच्या परवान्यावर आलेला. लग्न झाले तेव्हा त्याच्या परवान्याचे आठ महिने उरले होते. अशा वेळी बायकोने नवऱ्याची हमी घेऊन सरकारकडे अर्ज करायचा असतो, आणि हे लग्न खरे आहे, नुसते राहायला मिळावे म्हणून केलेले नाही, हे दाखवून द्यायचे असते. अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्याला राहता येत होते. पण देशाबाहेर एक पाऊल टाकले की अर्ज रद्द. आणि निकाल विरुद्ध गेला तर त्याला जावेच लागणार होते. दोघांनी अर्ज केला आणि वाट बघू लागली. ती वाट दोन वर्षे चालली.

या दोन वर्षांत त्यांची भेट कधी व्हायची म्हणाल, तर जवळजवळ नाहीच. ती पहाटे चारला घर सोडायची आणि दुपारी तीनला परतायची. तो दीडला निघायचा आणि यायचा तेव्हा ती झोपलेली असायची. तिची सुट्टी मंगळवारी, त्याची शुक्रवारी. गादी एक, पण दोघांपैकी एक जण नेहमी घोरत असायचा. मग बोलायचे कधी? बोलायचे माझ्या दारावर. दुकानातून फुकट मिळालेली चार लोहचुंबके होती, त्यांच्याखाली दोघे चिठ्ठ्या लावायचे.

"इस्त्रीवाले, दूध नासलंय. चहात घालू नका. घातलंत तर मला सांगू नका."

"ड्रायव्हरीणबाई, उजव्या बुटाचा तळ सुटला होता. चिकटवलाय. उद्या दुसरे घाला, नाहीतर बस सोडून बूट पुढे जाईल."

एकदा भांडण झाले. कशावरून ते मला कळले नाही. त्याने लिहिले, "कालचं बोलणं मला लागलं." तिने खाली लिहिले, "मलाही." दुसऱ्या दिवशी त्याने लिहिले, "मग?" तिसऱ्या दिवशी तिने लिहिले, "मग काय, अंडी उकडून ठेवली आहेत." त्याने ती खाल्ली. भांडण मिटले. टरफलांसकट सगळा पुरावा माझ्यासमोर होता.

आणि एक चिठ्ठी अशी होती की तिच्यासमोर मला माझी घरघरसुद्धा नको वाटली. इस्त्रीवाल्याचे वडील तिकडे, त्याच्या देशात वारले. त्याला जाता आले नाही. गेला असता तर परत येता आले नसते. त्या दिवशी कामाला निघताना त्याने डब्यासाठी माझ्यातून भाजीसुद्धा बाहेर काढली नाही. संध्याकाळी तिने एक कागद लावला, "आज मी तुझ्याआधी झोपणार नाही." आणि ती खरेच झोपली नाही, जरी पहाटे बस तिची वाट बघत होती. असे नवरा-बायको मी औषधाच्या दुकानात सहा वर्षे येणारी-जाणारी माणसे बघूनही पाहिले नव्हते.

जुन्या चिठ्ठ्या ती फेकत नसे. नवी लावली की जुनी तिच्याखाली सरकायची. माझे दार त्यांनी जाड झाले होते. मला त्याचा अभिमान होता, आणि हा अभिमानच मला नडला.

एके दिवशी सरकारी पत्र आले. मंगळवारी सकाळी अकरा वाजता अधिकारी घरी येणार, दोघांशी वेगवेगळे बोलणार, सहजीवनाचा पुरावा तयार ठेवा. दोघांच्या पाचावर धारण बसली. पुरावा शोधायला त्यांनी कपाटे उपसली. लग्नाच्या नोंदणीचे चार फोटो निघाले, त्यातल्या एकावर फोटो काढणाऱ्याचा अंगठा. घरभाड्याचा करार तिच्या एकटीच्या नावावर. सहलीचे फोटो नव्हते, कारण सहल नव्हती. तिने फोनवर कुणाला तरी सांगितलेही, "आमच्याकडे दाखवण्यासारखं काहीच नाही." हे सांगताना तिची पाठ माझ्या दाराला टेकलेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय.

फोनवर होती ती तिची थोरली बहीण. इस्त्रीवालाही तिला ताईच म्हणायचा. ताई मदतीला धावून आली, रविवारीच, दोन बादल्या आणि फवाऱ्याच्या तीन बाटल्या घेऊन. ताई एका मोठ्या हॉटेलात खोल्यांच्या सफाईवर मुकादम होती. आदल्या पाहुण्याचा एक केससुद्धा नव्या पाहुण्याला दिसता कामा नये, हे तिचे ब्रीद. वीस वर्षे तिने खोल्यांमधून माणसांच्या खुणा पुसल्या होत्या, आणि आता तिने तीच विद्या बहिणीच्या घरावर चालवली. त्याचे बूट पिशवीत घालून पलंगाखाली गेले. दोन टूथब्रश, दाढीचे सामान, चहाचे डाग पडलेला त्याचा कप, सगळे कपाटात. चादरीवर एक सुरकुती राहिली नाही. सोमवारी दुपारी ती माझ्याकडे वळली.

तिने पहिले चुंबक उचलले तेव्हाच ड्रायव्हरीणबाई कामावरून आली. मी म्हटले, सुटलो. आता ही ओरडेल.

"ताई, त्या राहू देत ना," ती म्हणाली.

"अगं, वाचून तरी बघ काय लिहिलंय. कांदे संपले, दूध नासलं, बूट फाटला. सरकारी माणसासमोर हे दारिद्र्य मांडणार आहेस? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तुम्ही एकमेकांशी बोलतच नाही, चिठ्ठ्या टाकता, हे कळलं तर तो काय समजेल?"

ड्रायव्हरीणबाईने माझ्या दारावरून नजर फिरवली. अंगात अजून गणवेश होता. मग ती म्हणाली, "जाऊ दे. तसं बरं दिसतंय पांढरं दार."

मित्रांनो, ताईवर माझा राग नाही. ती परकी होती, आणि तिने जीव ओतून काम केले. राग आहे तो या "जाऊ दे"वर. दोन वर्षांच्या चिठ्ठ्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीत गेल्या. वडील गेल्याच्या दिवसाची चिठ्ठीही त्यातच गेली. संध्याकाळी पिशवी खाली गेली आणि मंगळवारी उजाडायच्या आत कचऱ्याची गाडी ती घेऊन गेली.

इस्त्रीवाल्याने घरी आल्यावर कोरे दार पाहिले. त्यावर हात फिरवला आणि खुशीत स्वतःशीच हसला. त्याला काय वाटले, ते मला तेव्हा कळले नाही. नंतर कळले. त्याला वाटले, बायकोने सगळ्या चिठ्ठ्या नीट लावून फाईल केली.

मंगळवारी अधिकारी आल्या. चष्मा लावलेल्या, मृदू आवाजाच्या बाई होत्या. त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, न्हाणीघर पाहिले, माझेही दार उघडून पाहिले. मग इस्त्रीवाल्याला घेऊन त्या आतल्या खोलीत वीस मिनिटे बसल्या. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा हलका झाला होता. मग त्या स्वयंपाकघरात आल्या आणि ड्रायव्हरीणबाईला समोर बसवले.

त्यांनी विचारले, की कामाच्या वेळा जुळत नाहीत तर तुम्ही बोलता कधी. ती म्हणाली, रोज बोलतो, रात्री एकत्र जेवतो. बाई म्हणाल्या, तुम्ही तर आठला झोपता असे आत्ताच सांगितलेत. ती गडबडली, म्हणाली, सुट्टीच्या दिवशी. बाईंनी वहीत काही लिहिले आणि मान वर करून थेट माझ्याकडे पाहिले.

"एकमेकांना लिहून वगैरे ठेवता का? चिठ्ठ्या?"

बाहेरच्या खोलीत ताई उभी होती; इस्त्रीवाला पुन्हा आत बूट शोधायला गेला होता. ड्रायव्हरीणबाईनेही माझ्याकडे पाहिले. मी मनातल्या मनात किती ओरडलो म्हणून सांगू. माझी मोटर त्या वेळी सुरू झाली आणि मी नुसता घरघरलो.

"नाही," ती म्हणाली. "चिठ्ठ्या कशाला? नवरा-बायको आहोत आम्ही."

बाईंनी तेही लिहिले. पाणी पिऊन त्या निघून गेल्या. इस्त्रीवाल्याची कामाची वेळ झाली होती. बूट शोधत शोधतच त्याने विचारले, "दाखवल्यास ना चिठ्ठ्या?"

तिने माझे दार उघडून आत काहीतरी शोधल्यासारखे केले आणि म्हणाली, "हो. झालं सगळं नीट."

एकाच सकाळी दोनदा. एकदा परक्या माणसासमोर मला नाकारले आणि एकदा घरच्या माणसाला फसवले. त्या वेळी तिचे तोंड माझ्या पोटात होते, म्हणून मी सांगू शकतो, तिच्या डोळ्यांत पाणी होते. तरी मी तिला क्षमा केली नाही.

दीड महिन्याने निकालाचे पत्र आले. शुक्रवार होता, तो घरी एकटा होता. त्याने ते माझ्यासमोर उभे राहून मोठ्याने वाचले, त्याला या भाषेतली सरकारी पत्रे मोठ्याने वाचल्याशिवाय समजत नसत. अर्ज नामंजूर. घरात दोन व्यक्ती राहत असल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. पतीने सांगितले, की आम्ही फ्रिजच्या दारावर चिठ्ठ्या लिहून बोलतो, त्या सगळ्या पत्नीने जपून ठेवल्या आहेत, तिला विचारा. पत्नीने अशा चिठ्ठ्या असल्याचे नाकारले. सबब पतीचे निवेदन विश्वासार्ह नाही. फेरविचाराची मागणी तीस दिवसांत करता येईल, अन्यथा देश सोडावा.

"तिला विचारा" या शब्दांवर तो थांबला. ती ओळ त्याने पुन्हा वाचली. मग पत्र माझ्या दारावर लावले, वर चुंबक ठेवले, आणि सुट्टी असूनही घराबाहेर निघून गेला.

तीन वाजता तिने ते वाचले. ती माझ्या पायाशी फरशीवर बसली. मग उठून तिने एक चिठ्ठी लिहिली. त्यात काय होते ते मी सांगणार नाही, ते त्याच्यासाठी होते. ती चिठ्ठी आठ दिवस माझ्या दारावर होती. त्याने ती वाचली, हे मी डोळ्यांनी पाहिले. पण खाली एक अक्षर लिहिले नाही. नवव्या दिवशी तिने ती स्वतःच काढली. त्यानंतर माझ्या दारावर पुन्हा कधी काही लागले नाही.

पण त्याने देश सोडावा असे दोघांनाही वाटत नव्हते. म्हणून फेरविचाराच्या मागणीसाठी ते एका सल्लागाराकडे गेले. तो घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, माणूस काय बोलतो त्याला काही अर्थ नाही, कागद बोलला पाहिजे. दोघांच्या नावावर घरभाडे करा. एकत्र जेवतानाचे फोटो काढा. एखादी मोठी वस्तू दोघांच्या नावाने घ्या, पावतीवर दोन्ही नावे हवीत. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि त्याची नजर माझ्यावर ठरली.

"हा फ्रिज तसा जुनाच झालाय," तो म्हणाला.

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ना, ते हेच. पुढच्या आठवड्यात नवा फ्रिज आला, काळ्या काचेच्या दाराचा. पावतीवर दोघांची नावे शेजारी शेजारी. मला मागच्या गॅलरीत नेले. माझे तोंड स्वयंपाकघराच्या खिडकीकडे होते, म्हणून पुढचे सगळे मला दिसत राहिले. माझ्या पोटात जुने बूट आणि फडकी भरली. वीज काढून टाकली, त्यामुळे आता मी थंडही नाही.

मग फोटो काढायचे ठरले. ताई फोन घेऊन उभी राहायची आणि ती दोघे टेबलाशी समोरासमोर बसायची. एकाच दुपारी त्याने तीन शर्ट बदलले आणि तिने तीन वेळा केस वेगळे बांधले, म्हणजे तीन वेगळे दिवस वाटतील. ताई सांगायची, "जरा हसा, मेलं लग्न आहे की मयत?" मग दोघे हसायची. फोन खाली गेला की हसूही खाली जायचे. ताट तेच, भाजी तीच, तिसऱ्या फोटोपर्यंत पार गार झालेली.

ती फाईल एकशे चाळीस पानांची झाली. या वेळी दुसरे अधिकारी आले. ते तरुण होते आणि घाईत होते. त्यांनी फाईल चाळली, पावती पाहिली, भिंतीवर लावलेले फोटो पाहिले, आणि दोन्ही निवेदने जुळली, कारण ती दोघांनी पाठ केली होती. तीन आठवड्यांत मंजुरी आली. नाते अस्सल असल्याबद्दल समाधान झाले, असे त्यात छापलेले होते.

जेव्हा ते खरे होते तेव्हा कुणाला पटले नाही, मित्रांनो. मी हे चिडून म्हणतोय असे तुम्हाला वाटेल. होय, चिडूनच म्हणतोय.

मंजुरीनंतर त्याला कुठेही काम करता येऊ लागले. त्याने सकाळचे काम धरले. आता दोघे चारपर्यंत घरी येतात. संध्याकाळभर एकाच स्वयंपाकघरात असतात. वेळच वेळ आहे. ती भाजी चिरते, तो भांडी पुसतो, आणि एकमेकांना मीठ हवे का, एवढे ती दोघे विचारतात.

परवा तो गॅलरीत फडके घ्यायला आला. मागून तीही आली. माझे दार उघडे होते. फडके हातात घेऊन तो म्हणाला, "एकदाच विचारतो. तेव्हा त्या बाईंना 'नाही' असं का म्हणालीस?"

या प्रश्नाची ती कितीतरी महिने वाट बघत असावी, कारण उत्तर तयार होते.

"लाज वाटली."

"माझी?"

"तुझी नाही. आपली. कांदे आणि नासलेलं दूध. त्या बाई एवढ्या टापटीप, समोर ताईने घर असं केलेलं... मला वाटलं, खरं नवरा-बायकोचं घर असं नसतं. म्हणून म्हटलं, नाही."

तो फडक्याची घडी घालत राहिला. त्याचा धंदाच तो, घडी नीट आली.

"मला कधी नाही वाटली लाज," तो म्हणाला. "आतल्या खोलीत त्या बाईंना मी ती वडिलांच्या दिवसाची चिठ्ठी पाठ म्हणून दाखवली होती. त्यांनी लिहूनही घेतली. मग त्या तुझ्याकडे आल्या."

मग तो आत गेला. ती माझ्या उघड्या दाराला धरून उभी राहिली, आणि इतक्या महिन्यांनी तिचा हात मला लागला. मी तिच्यावर रुसलेलोच आहे. पण तिने माझे दार हळूच लावले, पूर्वी आत दूध असताना लावायची तसे.

उद्या भंगारवाला मला न्यायला येणार आहे. म्हणून जाता जाता एवढे मागणे. घरी पाहुणा येणार असेल तर घर खुशाल झाडा, चादरी बदला, फरशी चकाचक करा. पण पाहुण्याने तुमच्या एखाद्या कळकट, फाटक्या, कांद्याचा वास येणाऱ्या गोष्टीकडे बोट दाखवून विचारले, "हे तुमचं का?" तर ती तुमची असेल तर हो म्हणा. कारण शेजारच्या खोलीत बसून तुमच्या माणसाने नुकतेच हो म्हटलेले असते.